पहिल्यांदा केनियाला निघताय? तयारी पिवळ्या पुस्तिकेपासून सुरू करा

आमची तिकिटं काढून झाली होती, हॉटेल ठरलं होतं, आईने चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते. निघायला सोळा दिवस उरले असताना एका ओळखीच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "पिवळ्या तापाची लस झाली ना?" झाली नव्हती. ती कुठे मिळते, वय ६६ असलेल्या आईला चालते का, घेतली तर किती दिवसांनी तिचा दाखला, म्हणजे ती पिवळी पुस्तिका, लागू होतो, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढचे पाच दिवस फोन आणि धावपळ यात गेले. ती धावपळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

भारतीय पासपोर्टवर, महाराष्ट्रातून, आठ-दहा दिवसांसाठी फिरायला निघालेलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मार्ग नेहमीचा: नैरोबी, मसाई माराचं अभयारण्य आणि किनाऱ्यावरचं मोंबासा. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी जाणाऱ्यांचे परवाने वेगळे, ते यात नाहीत.

१. आधी महिना ठरवा

केनियात लांबचा पावसाळा साधारण मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून माऱ्यात येतात ते जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्त सहल दिसते, त्याचं कारण पावसाळा हेच असतं. प्राणी तेव्हाही दिसतात, पण गाड्या चिखलात रुततात.

दुसरी गोष्ट थंडीची. आफ्रिका म्हणजे ऊन हे डोक्यातून काढून टाका. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने जुलै-ऑगस्ट हा तिथला थंडीचा काळ.

२. पिवळ्या तापाची लस: निघण्याआधी किमान एक महिना

इथे बहुतेकांची गल्लत होते. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्याकडे केनिया हा दाखला मागत नाही, म्हणून माहितीपत्रकात "लस आवश्यक नाही" असं लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. दाखला मागतो तो आपलाच देश, परत येताना. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारताच्या यादीत केनिया आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. केनियातून पुढे टांझानियात किंवा झांझिबारला जाणार असाल तर तिथेही दाखला लागतो.

लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही दोन केंद्रं नेहमीची. आधी वेळ घ्यावी लागते आणि लस ठरावीक वारीच देतात. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून एकत्र टोचतात. वेळ लवकर मिळत नाही त्याचं कारण हे.

जाताना मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि चालू औषधांची यादी घेऊन जा. ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असणं, नऊ महिन्यांखालचं बाळ, यांपैकी काही असेल तर आधी सांगायलाच हवं. साठीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच ही लस देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात, कारण क्वचित होणारे गंभीर दुष्परिणाम या वयात जास्त आढळतात. आईसाठी आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती. तिथे रक्तदाब बघितला, बरेच प्रश्न विचारले आणि मग टोचलं. एखाद्याला लस चालतच नसेल तर लशीतून सूट दिल्याचं पत्र घेऊन गप्प बसू नका. परतीला त्या पत्राचं काय होतं हे त्याच केंद्रात विचारा आणि मगच तिकीट काढा.

दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, त्यामुळे जुनी पुस्तिका असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका. पुस्तिका हातात पडताच तिथेच उभं राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख आणि शिक्का तपासा. माझ्या बायकोच्या पुस्तिकेत पासपोर्टचा एक आकडा चुकला होता, तो खिडकीवरच दुरुस्त करून मिळाला. घरी येऊन लक्षात आलं असतं तर पुन्हा नाशिकहून मुंबई गाठावी लागली असती.

३. ईटीए: व्हिसाऐवजी हे

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, म्हणजे ईटीए, सुरू केली. विमानतळावर उतरून काढू, असं आता चालत नाही. मुंबईत बोर्डिंग पास देतानाच ती बघतात. शुल्क ३० डॉलर, वर थोडं प्रक्रिया शुल्क. निघण्याआधी निदान तीन दिवस अर्ज करा असं सांगतात, पण तुम्ही दोन आठवडे हाताशी ठेवा.

सापळा असा की शोध घेतला की सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइट वर येतात. रंग तेच, झेंडा तोच, शुल्क दुप्पट-तिप्पट. आमच्या नात्यातल्या एकाने अशाच एका ठिकाणी माणशी ९० डॉलर भरले. पत्त्याच्या शेवटी "जीओ डॉट केई" (go.ke) आहे की नाही ते बघा. केनिया सरकारचे पत्ते तसेच संपतात.

टांझानियातला सेरेंगेटी किंवा किलिमांजारो जोडायचा असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांत चालतो. नाव ऐकून टांझानियाही त्यात असेल असं वाटतं, पण तो नाही.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा, आणि प्रत्येकाची एक प्रत दुसऱ्या बॅगेत:

- पासपोर्ट (पोहोचल्यापासून सहा महिने वैध, कोरी पानं शिल्लक)
- ईटीएची छापील प्रत
- पिवळी पुस्तिका
- परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागांची आरक्षणं
- प्रवास विम्याचा कागद, त्यावरचा आपत्कालीन क्रमांक ठळक करून
- डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह
- परकीय चलन घेतल्याची पावती
- मुलांचे जन्मदाखले. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र
- नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक, कागदावर लिहून

४. मलेरिया आणि विमा

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरियाचा धोका कमी. मोंबासाचा किनारा, व्हिक्टोरिया सरोवराचा भाग आणि काही प्रमाणात मारा इथे तो आहे, आणि तिथला मुख्य प्रकार फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर उठणारा. आपल्याकडे पूर्वी सर्रास घेत तो क्लोरोक्विन तिथे उपयोगाचा नाही. प्रतिबंधाची गोळी कोणती, कधीपासून आणि परतल्यावर किती दिवस, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. परतल्यावरच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मच्छरदाणी आणि अंगाला लावायचं मलम हे गोळी घेत असलात तरी हवंच.

विमा घेताना दवाखान्याच्या खर्चाइतकंच हवाई रुग्णवाहिकेकडे बघा. माऱ्यातून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला रस्त्याने अर्धा दिवस जातो.

५. पैसे

प्रवासाला जाताना एका व्यक्तीला ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते. तेवढी कोणालाच लागत नाही. बाकी पैसे फॉरेक्स कार्डावर ठेवा. नोटा मात्र निवडून घ्या: २००९ च्या आधीच्या, फाटलेल्या किंवा शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा तिथे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, आणि लहान नोटांपेक्षा ५०-१०० च्या नोटांना दर चांगला मिळतो. केनियाचं चलन शिलिंग, ते तिथेच घ्या. २०२४ च्या मध्यापासून एक डॉलर १३० शिलिंगच्या आसपास आहे. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

आता एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची तिथली सोय. सफारीकॉम कंपनीने मार्च २००७ मध्ये हे सुरू केलं, म्हणजे आपल्याकडे यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी. "एम" मोबाइलचा आणि "पेसा" आपलाच पैसा. भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळे तेच वापरतात. परदेशी माणसालाही पासपोर्टवर सिमकार्ड आणि एम-पेसा खातं मिळतं. विमानतळावरच्या कंपनीच्या दुकानातून घ्या, रस्त्यावरून घेऊ नका. मग एम-पेसाच्या कोणत्याही हिरव्या टपरीवर रोख द्या, ती खात्यात जमा होते. दुकानात पैसे देताना त्या दुकानाचा "टिल" क्रमांक टाकायचा असतो; पिन टाकण्याआधी ज्याला पैसे जाणार त्याचं नाव बघून घ्या.

यातली एक फसवणूक जुनी आहे आणि अजूनही चालते. पैसे जमा झाल्याचा संदेश येतो आणि पाठोपाठ फोन: "चुकून तुमच्या खात्यात आले, परत पाठवा." संदेश बनावट असतो. आधी खात्यातली शिल्लक बघा.

६. बॅग भरताना

ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. दंडाची आणि तुरुंगाची तरतूद कायद्यात आहे. आपल्या घरी बॅग भरायची पद्धत आठवा: चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, लाडू तिसरीत. हे सगळं घरीच काढा. आम्ही चपला जुन्या उशीच्या अभ्र्यांत घातल्या आणि चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यांत. कंपनीचं बंद पाकीट चालतं. ताजी फळं, बियाणं, रोपं नेऊ नका. २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी.

लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे घरी ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, मग लहान मुलाची टोपी का असेना. जंगलात गडद निळं आणि काळं टाळा, त्या रंगांकडे चावणाऱ्या त्सेत्से माश्या येतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. अडॅप्टर मुंबईतच घ्या. वीज २४० व्होल्ट, त्यामुळे आपले चार्जर चालतात.

माऱ्याला छोट्या विमानाने जाणार असाल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माणशी साधारण १५ किलोच सामान नेता येतं, तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस नैरोबीच्या हॉटेलात ठेवावी लागते.

स्वेटर आणि कानटोपी वरच ठेवा. पहाटे सहाला छत उघडलेल्या गाडीत आईने कानटोपी, त्यावर शाल आणि मांडीवर हॉटेलची घोंगडी असा बंदोबस्त केला होता, आणि गाडीत तेवढी तीच कुडकुडत नव्हती.

७. नैरोबीतला पहिला दिवस

मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं. घड्याळ अडीच तास मागे करा. विमानतळावरून हॉटेलची गाडी किंवा ॲपवरची टॅक्सी. आतच येऊन सामानाला हात घालणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्समध्ये राहावं असं माझं मत आहे. पार्कलँड्स जुनी भारतीय वस्ती. डायमंड प्लाझात गुजराती फरसाणापासून डोशापर्यंत सगळं मिळतं, मोठे दवाखानेही जवळ आहेत. शहराच्या मध्यवस्तीत फोन हिसकावून पळतात, तेव्हा रस्त्यावर उभं राहून नकाशा बघू नका, गाडीत काच खाली करून फोनवर बोलू नका, आणि अंधार पडल्यावर दोन चौकांचं अंतरही गाडीनेच जा. पोलीस, सरकारी इमारती आणि विमानतळाचे फोटो काढू नका.

तरीही मोई अव्हेन्यूवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाच. तिथे जोसेफ मुरुंबी यांनी जमवलेल्या आफ्रिकी कलावस्तू आहेत. वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. गोव्याच्या माणसांनी या देशात काय केलं हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. दारापर्यंत गाडीने जा, दारातूनच गाडीत बसा.

८. मसाई मारा: दरपत्रक नीट वाचा

सहलवाल्याकडून दर घेताना पहिला प्रश्न: "प्रवेश शुल्क धरून की वगळून?" २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तिघांचे ऑगस्टमधले दोन दिवस म्हणजे १,२०० डॉलर नुसते दारावर. स्वस्त वाटणाऱ्या बऱ्याच दरपत्रकांत हा आकडा नसतो. दुसरा प्रश्न: राहण्याची जागा फाटकाच्या आत की बाहेर? तिसरा: गाडी छत उघडणारी लँड क्रूझर की मिनीव्हॅन? घरात वयस्कर माणूस असेल तर लँड क्रूझरच घ्या. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो.

एक विनंती मनापासून आहे. रस्ता सोडून गाडी गवतात घालायला मनाई आहे आणि दंड चालकाला होतो. आम्ही एक चित्तीण बघितली. हरणावर नजर ठेवून ती गवतात दबून बसली होती, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. पाच मिनिटांत तिथे चौदा गाड्या आल्या. एका गाडीतले लोक चालकाला आपल्या हिंदीत "और आगे, और आगे" म्हणत होते. गाडी गवतात शिरली, हरणं उधळली, चित्तीण उठून निघून गेली. तिच्यामागून दोन पिल्लं गेली, ती तोवर कुणाला दिसलीच नव्हती. त्या दिवशी ती उपाशी राहिली असेल तर ते आपल्या फोटोपायी. पहिल्याच सकाळी चालकाला सांगून ठेवा की आम्हाला लांबून बघायला चालेल. त्याच्यावरचा दबाव जातो, आणि पुढे तो तुम्हाला अशा जागी नेतो जिथे गर्दी नसते.

नदी ओलांडणारे कळप दिसतीलच असं नाही. आम्ही तीन तास काठावर थांबलो, कळप पाण्यापर्यंत आला आणि मागे फिरला. आमच्या चालकाला आम्ही दिवसाला १५ डॉलर बक्षिसी दिली.

९. मोंबासाची रेल्वे

नैरोबी ते मोंबासा मादाराका एक्स्प्रेस मे २०१७ मध्ये सुरू झाली; पाच-सहा तासांत पोहोचते. तिकीट आधी काढा, सुट्टीच्या दिवसांत लगेच भरते. नैरोबीचं स्टेशन शहराबाहेर स्योकिमाऊला आहे. आत जाण्याआधी सगळं सामान जमिनीवर रांगेत ठेवायला लावतात आणि कुत्री हुंगून जातात, मग पुन्हा तपासणी. गाडीच्या दीड तास आधी पोहोचा. मोंबासाचं स्टेशनही शहरापासून दूर, तेव्हा रात्रीची गाडी असेल तर उतरल्यावरची टॅक्सी आधी ठरवा.

खिडकी सोडू नका. गाडी त्सावोच्या जंगलातून जाते, लाल मातीत लोळलेले हत्ती दिसतात. शेजारून जुना रेल्वेमार्ग दिसत राहतो. तो १८९६ ते १९०१ मध्ये बांधला तेव्हा अखंड हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले.

१०. खाणं आणि बोलणं

शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, फक्त शब्द माहीत हवेत. नारोकच्या एका साध्या खाणावळीत आम्ही "न्देंगू" आणि चपाती मागवली. एनामलच्या ताटलीत हिरवं, दाटसर काहीतरी आलं. आईने चपातीचा तुकडा बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "अरे, हे तर आपले मूग. फोडणी तेवढी नाही." न्देंगू म्हणजे मूगच. मोंबासाकडे "म्बाझी" मिळते, ती तूर, नारळाच्या दुधात शिजवलेली. "उगाली" मक्याच्या पिठाची, "सुकुमा विकी" पालेभाजी, "कचुंबारी" सांगायला नकोच. मटणाच्या रश्शात शिजवलेलं नाही ना, हे विचारा: "बिला न्यामा", म्हणजे मांसाशिवाय. "सिली न्यामा", मी मांस खात नाही.

दुका, गारी, चाय, पेसा, बिमा, लाकी हे शब्द ऐकलेत तर ते तुम्हाला वाटतात तेच आहेत. पण "मामा" म्हणजे आई, आणि वयस्कर बाईला आदराने तीच हाक मारतात. वडीलधाऱ्याला "शिकामू" म्हणा. उत्तर येतं "मराहाबा", आणि चेहरा खुलतो.

वेळेचं मात्र सांभाळा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. मोंबासात गाडीवाल्याने "सा म्बिली" सांगितलं. म्बिली म्हणजे दोन हे मी शिकलो होतो, म्हणून दुपारी दोनला येईल असं समजून आम्ही किनाऱ्यावर गेलो. तो सकाळी आठपासून दारात उभा होता. वेळ ठरवताना फोनवर आकडा लिहून दाखवा.

११. परतताना

हस्तिदंत, कातडी, कासवाच्या पाठी, समुद्रातले शंख-पोवळी काहीही विकत घेऊ नका, किनाऱ्यावरून उचलूही नका. पिवळी पुस्तिका हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात अजिबात नको. मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाचं टेबल असतं. आमच्या पुढच्या जोडप्याची पुस्तिका सामानात गेली होती. त्यांना बाजूला बसवलं, आणि आम्ही पुढे गेलो तेव्हाही ते तिथेच बसलेले होते.

घरी आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तपासायच्या आधीच सांगा, "मी केनियाला जाऊन आलो आहे." गल्लीतल्या दवाखान्यात पावसाळ्यातला साधा ताप समजून दोन गोळ्या देतील. फाल्सिपेरम दोन दिवस थांबत नाही, म्हणून रक्त तपासून घ्याच.